मला जागं राहायचं होतं

"किती आल्या?"

त्या हिवाळ्यात हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला की शेवटी शेवटी समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मी आकडा सांगून मोकळी व्हायचे. शेजारीण विचारायची, दूधवाला विचारायचा, मूर्तीची ऑर्डर द्यायला आलेलं गिऱ्हाईक सासूबाईंशी घासाघीस करता करता मधेच माझ्याकडे वळून विचारायचं. आल्या म्हणजे प्लेटलेट्स. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशी सगळं गाव माझ्या रक्ताची चौकशी करत होतं, आणि मी पोट सांभाळत, पाय ओढत उत्तरं देत होते. एक लाख वीस. एक लाख पाच. नव्वद.

पेणच्या बाजारात एका अरुंद जिन्यानं वर गेलं की रक्त तपासायची लॅब आहे. शेवटच्या महिन्यांत दर आठवड्याला तो जिना चढायचा. प्लेटलेट्स कमी असल्या की सुई टोचलेली जागा काळीनिळी पडते आणि तशीच राहते, त्यामुळे तिथल्या मुलीला माझ्या हातावर टोचायला जागाच उरली नव्हती. "ताई, आज कुठला हात?" ती विचारायची. "तुला आवडेल तो घे," मी म्हणायचे. तिला वाटायचं मी चिडलेय. मी चिडलेली नसायचे, मला कंटाळा आलेला असायचा. जिन्याचा, सुईचा, उपाशीपोटी रिक्षानं येण्याचा, पायाला आलेल्या सुजेचा, आणि सगळ्यांत जास्त "काळजी घे गो" या तीन शब्दांचा. आता कुणी विचारतं, तेव्हा तुला भीती नाही का वाटली? वाटली की. पण भीती वाटायलाही अंगात थोडी ताकद लागते.

माझं माहेर रोह्याचं आणि सासर पेणजवळ हमरापूरच्या बाजूचं. घरचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे काही भोंगा वाजत नाही. घराला लागून पत्र्याची शेड आणि आत फळ्यांवर ओळीनं बसलेले गणपती, कुणी पांढरे, कुणी अर्धे रंगलेले. खऱ्या कारखान्यात जातो तो माझा नवरा. धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो शिफ्टला आहे. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले, तेव्हापासून घर आणि शेड दोन्ही सासूबाईंच्या हातात. अंगाचा रंग, पितांबर, दागिने ही कामं बाकीच्या बायका करतात, पण डोळ्यांची आखणी सासूबाईंचीच. बारीक ब्रश घेऊन त्या एकदा बसल्या की शेडमध्ये कुणी खोकायचंही नाही. भुवई, पापणी, बुबुळ, आणि मग मूर्ती एकदम तुमच्याकडे बघायला लागते. बोलायला मात्र त्या फटकळ. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात मी केलेली आमटी चाखून त्या म्हणाल्या होत्या, "शिकशील हलूहलू. नाय शिकलीस तरी आमी खाऊ." मला हसावं की रडावं कळेना.

प्लेटलेट्सचं एवढं का घेऊन बसले होते ते सांगायला चार वर्षं मागं जावं लागेल. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी रोह्याला गेले होते. सगळे दिवस भरत आले होते, सगळं ठीक होतं. एके दुपारी पोट दगडासारखं घट्ट झालं आणि रक्त जायला लागलं. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथली डॉक्टर म्हणाली, बाळाची वार आतच सुटलीय, वेळ नाही. कुणीतरी माझ्या तोंडावर मास्क धरला. जाग आली तेव्हा खोलीत बायका कुजबुजत होत्या, आणि मी हललेली दिसल्याबरोबर गप्प झाल्या. मुलगा होता, एवढं नर्सनं सांगितलं. तोवर माझे वडील आणि नवरा त्याला घेऊन नदीकडे गेलेही होते.

मला त्याला दाखवलं नाही. आमच्याकडे दाखवत नाहीत. पेणहून सासूबाई धावत आल्या होत्या, आणि "तिला दाखवू नका, बघितलान तर विसरायची नाय," असं त्यांनीच सांगितलं होतं. माझी आईसुद्धा त्याला कबूल झाली. सगळ्यांनी माझ्यावर दया केली होती, आणि त्या दयेचा मला चार वर्षं राग येत होता. दूध आलं तेव्हा छातीला घट्ट पट्टा बांधला. कुणी त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी कधी विषय काढला तर आई डोळ्यांना पदर लावायची आणि सासूबाई उठून शेडमध्ये जायच्या. त्याचं नाक कसं होतं, केस होते का, मला काही माहीत नव्हतं. रस्त्यात कुणाचं चार वर्षांचं पोर दिसलं की मी त्याच्या तोंडावर माझं काहीतरी शोधत बसायचे, आणि ते पोर घाबरून आईमागं लपायचं.

म्हणून दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मी पेणच्या डॉक्टरबाईंना पहिल्याच भेटीत विचारलं, "मी जागी असेन ना?"

त्यांनी माझी जुनी फाइल वाचलेली होती. म्हणाल्या, "पहिलं सीझर आहे, त्यामुळे हेही सीझरच. पण यावेळी ठरवून करू, घाईत नाही. पाठीत सुई देतो, कमरेखालचं तेवढं बधिर होतं. तुम्ही पूर्ण जाग्या. बाळ निघालं की लगेच तुमच्या गालाशी आणून दाखवतो."

ते एक वाक्य मी घरी घेऊन आले. कुणाला सांगितलं नाही. ओकाऱ्या आल्या, कंबर दुखली, भांडी घासताना चक्कर आली, की मी ते वाक्य मनात म्हणायचे. गालाशी आणून दाखवतो. बाकी मला काही नको होतं. मुलगा की मुलगी, गोरं की सावळं, त्याच्याशी मला घेणं नव्हतं. जिवंत असो, आणि देवानं काही वेगळं योजलं असलं तरी मला ते बघायचं होतं. माझ्या डोळ्यांनी.

मग सहावा महिना संपता संपता रिपोर्ट आला आणि डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला. प्लेटलेट्स कमी होत होत्या. त्यांनी नवऱ्याला आणि मला समोर बसवून समजावलं. रक्त गोठायला या प्लेटलेट्स लागतात. काही बायकांच्या शेवटच्या महिन्यांत त्या उतरतात आणि बाळंत झाल्यावर आपोआप चढतात. दुसरं काही कारण नाही ना, ते तपासून घेऊ. बाळाला सहसा काही होत नाही. नवऱ्यानं सुस्कारा सोडला. डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, "फक्त ऐंशी हजारांच्या खाली गेल्या तर पाठीत सुई देता येणार नाही. मणक्यापाशी रक्त साठलं तर पाय लुळे पडू शकतात. मग पूर्ण भूल द्यावी लागेल."

"चालंल ना," नवरा म्हणाला. "झोपेत होऊन जाईल. तिला तरास नाय."

तो मनापासून बोलला होता. त्याला खरंच वाटलं हे माझ्या सोयीचं आहे. मी खुर्चीवरून उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. तिथं एका बाईचं लहान मूल माझ्या चपलेशी खेळत होतं. मी त्याला खेळू दिलं.

त्या दिवसापासून ऐंशी हजार हा आकडा माझ्या मानगुटीवर बसला. गावात डेंग्यूची साथ दर पावसाळ्यात येते, त्यामुळे प्लेटलेट्स या विषयात आमच्याकडे प्रत्येक जण तज्ज्ञ आहे. बघायला येणारा प्रत्येक माणूस किवी घेऊन यायचा. ती आंबट, केसाळ फळं फ्रिजमध्ये एवढी साठली की सासूबाई म्हणाल्या, "आता याची भाजी करता येते काय बघा." कुणी बकरीचं दूध आणलं. रोह्याला आईच्या शेजारच्या चाचीचा मुलगा दुबईला असतो, त्यानं आणलेला खजूर तिनं डबा भरून पाठवला. तो खजूर तेवढा मी आवडीनं खाल्ला.

आणि मग पपई. डेंग्यू झाला की पपईच्या पानांचा रस पाजायचा, हे आमच्याकडे ठरलेलं. शेडच्या मागं पपईचं झाड होतंच. सासूबाईंनी सकाळी सकाळी पानं वाटून हिरवागार रस काढला आणि वाटी माझ्यासमोर धरली. "पी गो. नाक दाबून पी." मी प्यायले. इतकं कडू मी आयुष्यात काही प्यायले नव्हते. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं, सोबत रात्रीची भाकरी पण आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी.

हे फोनवर आईला कळलं आणि रोह्याहून तोफा सुटल्या. कारण गरोदर बाईनं पपईकडे बघायचंही नाही, हेही आमच्याकडे तेवढंच ठरलेलं. "पपय? पोटुशी बाईला पपय?" आई ओरडत होती. मी फोन स्पीकरवर टाकून भिंतीला टेकले. "फळ नाय ते, पाला हाय," सासूबाई म्हणाल्या. "झाड तर तेच ना?" आई म्हणाली. "डेंगूवाल्या पोटुश्यांना नाय देत काय?" "मेल्या-जगल्याचा हिशेब ठेवलाय काय तुमी?" दोघींचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं आणि मला दोघींचाही वीट आला होता. शेवटी डॉक्टरबाईंनी निकाल दिला: पाला नको, फळ नको, झाडाखाली उभंसुद्धा राहू नका. सासूबाईंनी त्यानंतर डॉक्टरबाईंचं नाव टाकलं. पण वाटी थांबली.

त्या वर्षी गणपतीतला आमच्या घरचा गणपतीही विसर्जन केलेला नव्हता. घरात पोटुशी असली की बाळंत होईपर्यंत आमच्याकडे मूर्ती बोळवत नाहीत. म्हणजे शेडमध्ये विकायचे गणपती आणि ओटीवर पाहुणा गणपती. दोन वेळा आरती व्हायची, आणि मला टाळ्या वाजवत उभं राहता येत नसल्यामुळे मी खुर्चीत बसून झोपेनं पेंगायचे. बाप्पा इतके महिने राहिले की मला त्यांचीही कीव यायची. त्यांनाही घरी जायचं असेल.

आठव्या महिन्यात मी चार दिवस रोह्याला गेले. आईचा हट्ट होता. ती बाळंतपण करणार नव्हती. गेल्या वेळचं तिच्या घरी झालं, म्हणून यावेळी तिनं स्वतःहूनच ते मागितलं नाही. पण चार दिवस तरी लेकीला खाऊपिऊ घालू दे म्हणाली. तिथं आठवड्याची तपासणी आली, तेव्हा तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. अडतीस हजार.

आई पाटावर बसली ती उठेचना. धाटाव जवळच, त्यामुळे नवरा शिफ्ट सुटल्याबरोबर कंपनीच्या कपड्यांतच बाइकवरून आला, मागोमाग त्याचे तीन-चार शिफ्टवाले. ते दारातच रक्तगट सांगायला लागले. सगळे घामाघूम आणि अंगाला तो कंपनीचा उग्र वास. त्यांना चहा करावा म्हणून मी उठले, तर सगळे मिळून ओरडले, "वहिनी, बसा!" जणू मी उभी राहिले तर सांडेन. मी बसले. मी फक्त एवढाच विचार करत होते की आता संपलं, आता मला भूल देणार.

डॉक्टरबाईंनी फोनवर मला विचारलं, हिरड्यांतून रक्त येतंय का, अंगावर लाल ठिपके आहेत का. नव्हते. "मग उद्या इकडे या," त्या म्हणाल्या. पेणला त्यांनी वेगळ्या प्रकारच्या नळीत रक्त घ्यायला लावलं आणि काचेवर पसरून बघितलं. पहिल्या नळीत प्लेटलेट्सचे गठ्ठे झाले होते, आणि मशीनला गठ्ठा मोजता येत नाही. कधीकधी होतं असं, कुणाची चूक नाही, त्या म्हणाल्या. खरा आकडा चौऱ्याण्णव हजार होता.

चौऱ्याण्णव! नवऱ्यानं पेढे घेतले. मी तिथंच बाजारात रिक्षात बसून रडले, आणि रिक्षावाला बिचारा आरशातून बघत गाडी हळू चालवत राहिला. एवढ्या महिन्यांत मला बरं वाटलेला तो एकच दिवस. घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "मी जागी राहीन ना आता?" त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं की त्यांना कळलंय. पण त्या म्हणाल्या, "आधी जेव."

ऑपरेशनचा दिवस माघात आला. माघी गणपतींमुळे आमच्याकडे त्या वेळी बरीच धावपळ असते, आखणीचं काम उरलेलं असतं. सासूबाई ते तसंच टाकून माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या, नखांत रंग तसाच. आई रोह्याहून गाडीनं निघाली होती आणि गाडी कुठंतरी सिग्नलला खोळंबली होती. नवरा प्लेटलेट्सच्या पिशव्या आणायला पनवेलला गेलेला. रक्त फार गेलंच तर हाताशी असाव्यात म्हणून डॉक्टरबाईंनी त्या मागवल्या होत्या, आणि त्या बदल्यात रक्त द्यायला त्याचे धाटाववाले सोबत होते.

सकाळी पुन्हा रक्त घेतलं. भुलीचे डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन आले आणि त्यांनी डॉक्टरबाईंना बाजूला बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं. एकाहत्तर हजार. दोनदा तपासलं होतं, काचेवरही बघितलं होतं.

"मी लिहून देते," मी म्हटलं. "माझी जबाबदारी. द्या सुई पाठीत."

"पाय गेले तर?"

"गेले तर गेले."

"आणि मग त्या पोरामागं धावणार कोण?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, पिशव्या येतायत ना, त्या आधीच चढवा, आकडा वाढवा. त्या माझ्याजवळ खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "त्या तुमचं रक्त थांबलं नाही तर लागणार आहेत. तुम्हाला जागं ठेवायला मी त्या संपवल्या आणि नंतर गरज पडली, तर मी काय करू?" त्यांनी माझा हात धरला होता. त्यांना माझं कळत होतं आणि तरी त्या नाही म्हणत होत्या. त्यांचं बरोबर होतं. मला त्यांचा इतका राग आला की मी हात सोडवून घेतला.

मग खोलीत मी आणि सासूबाई दोघीच राहिलो. नर्सनं माझ्या बांगड्या काढून त्यांच्या हातात दिल्या होत्या. मी म्हटलं, "एक सांगायचंय तुम्हाला."

"बोल."

"यावेळी मला दाखवायचं. काहीही झालं असलं तरी. काहीही. मी उठेपर्यंत कुणी कुठं न्यायचं नाही."

"असं वंगाळ बोलू नको."

"तुम्ही दारात उभ्या राहा. तुम्ही अडवलंत तर कुणी नेणार नाही. गेल्या वेळी तुम्ही सांगितलंत तेच सगळ्यांनी ऐकलं होतं ना?"

चार वर्षांत मी हे पहिल्यांदा बोलले होते. सासूबाई बांगड्या पदराच्या टोकात बांधत राहिल्या, एक गाठ, त्यावर दुसरी गाठ. तेवढ्यात स्ट्रेचर आलं. वळून बघितलं तर त्या मागोमाग चालत होत्या. आतल्या दारापाशी वॉर्डबॉयनं त्यांना थांबायला सांगितलं, आणि त्या थांबल्या. आत खूप गार होतं. मास्क तोंडावर आला तेव्हा मी डोळे ताणून उघडे ठेवले होते. त्यानं काही होत नाही. तरी ठेवले.

जाग आली तेव्हा सगळ्यांत आधी घसा कळला, मग पोटावरचं ओझं गेलेलं कळलं. मग ऐकू आलं. बायका कुजबुजत होत्या. बाळाचा आवाज नव्हता. आवाज नव्हता आणि बायका कुजबुजत होत्या, अगदी रोह्याला होत्या तशाच. मी डोळे उघडले नाहीत. उघडले की त्या गप्प होतील, आणि त्या गप्प झाल्या की मला सगळं समजेल. उघडले नाहीत तोवर अजून काहीच झालेलं नव्हतं. मी तशीच पडून राहिले. किती वेळ ते माहीत नाही. इतकी दमले होते की आता असंच पडून राहायला मिळालं तर बरं, असंही वाटून गेलं.

"अगो उठ," सासूबाईंचा आवाज माझ्या अगदी कानाशी आला. "सोंग नको करू. पापनी हलतेय तुझी. मला फसवतेस व्हय? जलम गेला माझा डोळे काढण्यात."

मी डोळे उघडले.

त्यांनी तिला माझ्या गालाशी धरलं होतं. लाल, सुरकुतलेली, एक कान दुमडलेला, झोपलेली. तिच्या श्वासाची ऊब माझ्या ओठाला लागत होती. "पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "बघ. पायजे तेवढं बघ. आपली मानसं पन आली. मी कुनाच्या हातात दिली नाय हिला."

"रडली?"

"रडली तर काय! भायेर दारापर्यंत आवाज आला. आत्ताच निजली."

मी ऐकायची राहिलेच, असं वाटून मला रडू आलं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की ते पोटातल्या टाक्यांत दुखलं. रक्त थांबलं होतं, पिशव्या लागल्याच नव्हत्या. कोपऱ्यात आई आणि नवरा उभे होते, आई रडत होती. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. मी हिच्याकडेच बघत होते.

सासूबाई पण हिच्याकडेच बघत होत्या. ब्रश हातात असताना बघतात तसं, मान थोडी तिरकी करून. मग त्या म्हणाल्या, "भुवया त्याच्याच हायत."

मला वाटलं नवऱ्याबद्दल बोलतायत.

"पयल्याच्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी बोट हिच्या भुवईवरून हवेतच फिरवलं, लावलं नाही. "मी त्याला घेतलावता तेव्हा. तू भुलीत व्हतीस. न्यायला आलेल्यांना म्हनले जरा थांबा, आन् मांडीवर घेऊन बसले. तुला दाखवू नका म्हनले आन् मीच बघत बसले. मला वाटलं तू विसरशील. तू काय विसरली नायस, आन् मी पन नाय. त्या साली आखनीला बसले का हात आपोआप याच भुवया काढायचा. पुसायची आन् परत काढायची."

चार वर्षांचा माझा राग होता. तो शोधला तर हाताला लागेना. त्यांनी मला त्याच्यापासून तोडलं होतं, आणि त्याला बघितलेलं, त्याच्याबद्दल माझ्याशी बोलणारं जगात आता त्यांच्याखेरीज कुणी नव्हतं. हिचं डोकं माझ्या गळ्याशी होतं. मी म्हटलं, "सांगा मला. सगळं सांगा."

त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि सांगायला लागल्या. सावळा होता, माझ्यासारखा. केस पुष्कळ होते, कपाळावर आलेले. हनुवटीला खळी नव्हती, ओठ मात्र नवऱ्याचे. बोटं लांब. डोळे मिटलेले होते, पण पापण्या दाट होत्या, त्यावरून डोळे मोठे असणार. मी मधे काही विचारत नव्हते, त्या थांबल्या की फक्त वाट बघत होते.

"आन् हिच्यापेक्षा जड व्हता गो," त्या म्हणाल्या. "हात भरून आले माझे. पन मी खाली ठेवला नाय."